गज चार बोटं वर

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या वाशिंदच्या सोसायटीत रंगारी येतात. पितृपक्षात नवं काही करायचं नाही, पण जुन्याला रंग लावायला हरकत नाही, असं कधीतरी कमिटीत ठरलंय. कोणी ठरवलं ते विचारू नये. यंदा आमच्या जिन्यातल्या ग्रिलची पाळी होती. मी कामावरून परतले, भाजीची पिशवी सांभाळत पहिला मजला चढले, आणि नेमकं त्याच वेळी रंगाऱ्याने थिनरच्या डब्याचं झाकण उचकटलं. तो वास नाकात गेला मात्र, माझे पाय होते तिथंच थांबले. "मॅडम, ग्रिल गीला है, हाथ मत लगाना," तो म्हणाला. मी ग्रिलला हात लावणारच नव्हते. मी जवळपास कुठं चूल पेटलीय का, ते बघत होते.

सोसायटीच्या जिन्यात चूल! माझं मलाच हसू आलं, पण ते नंतर, घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायल्यावर. लग्न झालं, मुलं झाली, डोक्यात चार पांढरे केस आले, तरी या दिवसांत थिनरचा वास आला की मी आधी विस्तव शोधते आणि मग आईला शोधते. आई तिकडे गावी, किन्हवलीच्या पुढे, आपल्या घरात खुशाल असते. फोन केला तर म्हणते, "काय गो, बरी हाय ना?" आणि मी म्हणते, "काय नाय, सहज केला." काय सांगणार तिला फोनवर?

या दिवसांत आमच्याकडे भात निसवतं, लोंब्या बाहेर पडतात. पाऊस मागेपुढे करत असतो, मधेच कडक ऊन पडतं, आणि सकाळी बांधावर उभं राहिलं की दुधात आलेल्या दाण्याचा कोवळा, गोडसर वास येतो. शहरात तांदळाचा वास म्हणजे शिजलेल्या भाताचा. हा वास त्याच्या आधीचा, हिरवा. आपल्याला येतो तसा तो रानडुकरांनाही येतो, आणि नाक त्यांचं आपल्याहून चांगलं. डुक्कर शेतात शिरलं की खातं थोडं आणि लोळून नासवतं फार. म्हणून आमच्याकडे या दिवसांना राखणीचे दिवस म्हणतात. शेतात चार बांबूंवर माच उभारायची, पत्र्याचे डबे बडवायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी बंदुकीचा बार काढायचा.

आमच्याकडे होती. ठासणीची. म्हणजे तोंडाकडून भरायची: आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांबलचक गजाने ठासून बसवायचं. मागे घोड्याखाली एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. नळीत पेटायचं ते या कानातून पेटतं. परवाना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होता, पण तो कागदावर. भरणं आणि धुणं या दोन्ही गोष्टी आज्याच्या. आजा म्हणजे अण्णांचे वडील. पिळदार, काळाभोर, बोलायला कमी. त्याने त्या बंदुकीने कधी डुक्कर पाडल्याचं मला तरी आठवत नाही. आवाजाने पळाली की झालं, असं त्याचं म्हणणं.

बार झाला की त्याच दिवशी नळी धुवायची, हा आज्याचा नेम. जळलेल्या दारूची काजळी नळीत राहिली की ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. त्यासाठी एक वेगळं पातेलं होतं, आई त्याला चुलीवर जागा द्यायची पण घरात जागा द्यायची नाही. कढत पाण्यात रिठ्याचा फेस करायचा, गोठ्यामागे जाऊन नळीच्या तोंडातून ओतायचा, आणि कानातून काळी धार बाहेर पडायची. तिचा वास सडक्या अंड्याचा. पाणी पांढरं येईतो ओतत राहायचं, मग कोरडी चिंधी, मग करंजाचं तेल. पण या सगळ्याच्या आधी आजा एक करायचा: रिकामा गज नळीत सोडायचा, क्षणभर बघायचा आणि काढून ठेवायचा. गजावर एका जागी काळा दोरा गुंडाळलेला होता. जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवतात, तसलंच काहीतरी असणार, असं मला वाटायचं. आईलाही तसंच वाटायचं. घरातल्या कित्येक गोष्टी आपण अशा बघत आलेलो असतो, आणि त्या का करतात ते विचारायचं राहून जातं.

आणखी एक पद्धत होती आमच्या घराची. शेवटच्या खाचराचं भात झोडून खळ्यावर रास घातली की राखण सुटली. ती सुटल्याचा एक बार काढायचा, डोंगराकडे तोंड करून. त्या बारात छर्रे नाहीत. छऱ्यांच्या जागी मूठभर नवं भात. आजा राशीतून मूठ भरून घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि नळीत सोडायचा. वर्षभर ज्यांना हाकललं त्यांचाही वाटा, असं तो म्हणायचा. बार झाला की आम्ही पोरं ओरडायचो, खळ्यावरचे कावळे उडायचे, आई राशीला हळदकुंकू वाहायची आणि मग सगळे जेवायला बसायचे. तो बार ऐकल्याशिवाय दिवाळी संपली असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मग ते वर्ष आलं. त्र्याण्णव असेल की चौऱ्याण्णव, मी बारावीत होते. आज्याने सकाळी रास घातली, बंदूक भरली, मूठभर भात सोडलं, वर बोळा ठासला. बंदूक पेंढ्याच्या उडवीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "जरा टेकतो मी." उडवीच्या सावलीत आडवा झाला. आईने भाकरी सोडली, हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती हाक मारायला गेली नाही, धावत गेली. एवढा धडधाकट माणूस, सकाळी ज्याने माझ्याहून जड भारा उचलला होता, तो भाताच्या राशीशेजारी झोपल्यासारखा पडला होता आणि झोपला नव्हता. मला आठवतं, माझ्या हातात पाण्याची कळशी होती आणि ती खाली ठेवायची असते हेच मला सुचत नव्हतं.

त्यानंतरचं काय सांगायचं? माणसं आली, रडली, गेली. सुतक, दिवस, पाहुणे. दामूकाका, अण्णांचा धाकटा भाऊ, वाशिंदला रंगाच्या कारखान्यात होता. तो कंपनीतून तसाच कामाच्या कपड्यांत आला. खळ्यावरचं सामान त्याने आवरलं, बंदूक खांद्याला लावून घरी आणली आणि तिच्या नेहमीच्या खुंट्यांवर ठेवली. मधल्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. बंदूक त्यावर आडवी, दस्ता पडवीकडे, तोंड चुलीकडे. कधीपासून तशीच. मी अभ्यासाला त्याच भिंतीला टेकून बसायचे आणि भिंतीच्या चुलीकडच्या टोकाला आई पाटावर बसून भाकऱ्या थापायची, आमच्याकडे पाठ करून.

मधे परवान्याची मुदत वाढवायची होती. अण्णा ती बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने शहापूरला घेऊन गेले. किन्हवलीहून बस भरून येते, त्यांना मागची जागा मिळाली. बंदूक दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली, तिच्या तोंडावर हात, हातावर हनुवटी, आणि शहापूर येईपर्यंत छान झोप लागली. हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं, खड्ड्यांमुळे हनुवटीला वळ उठला म्हणून. आम्ही हसलो होतो. आई तर फारच हसली होती.

पुढचा भाद्रपद आला. भात पोटरीला आलं, डुकरांचे माग बांधावर दिसायला लागले, आणि अण्णांनी खुंटीवरच्या बंदुकीकडे बघून सुस्कारा सोडला. गेल्या वर्षी शेवटचा बार झाल्यावर तिला पाणी लागलं नव्हतं. सुतकात कोण धुणार बंदूक? वर्षभराची काजळी आत बसलेली, मधे अख्खा पावसाळा गेलेला. आता ती साध्या पाण्याने निघायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात एवढ्या पटकन एकमत झालेलं मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

मग कशाने निघेल, यावर मात्र पडवीत रोज सभा भरायला लागली. अण्णा म्हणत, काही झालं तरी कढत पाणी आणि रिठा, बाबांचं तेच होतं. शेजारचे म्हणत, रॉकेल ओता, सायकलीची चेन निघते तर ही का नाय निघनार? मुरबाडला एक दुरुस्तीवाला होता, अण्णा बाजाराच्या दिवशी मुद्दाम त्याला विचारून आले, तर तो म्हणाला दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा. एवढं डिझेल विकत आणायचं तर त्यात नवी बंदूक येईल, असं आई म्हणाली. उंबरमाळीहून मामा आला होता. त्याने त्यांच्या पाड्यावर कोण्या म्हाताऱ्याचा एक उपाय सांगितला, त्याला बाजारातून काहीच आणावं लागत नव्हतं, माणसाने फक्त सकाळी उठल्याबरोबर बंदुकीपाशी जायचं. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "माज्या घरात नाय चालायचं असलं!"

मीही मागे नव्हते. विज्ञान शाखा, आणि तोंड आधीपासूनच चालणारं. मी सभेत जाहीर केलं की काजळीत क्षार असतात, क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये मुळीच नाही, उलट रॉकेल आणि काजळी मिळून डांबर होईल. मला अगदी प्रयोगवहीतली आकृती डोळ्यासमोर दिसत होती. अण्णांना आनंद झाला, शेजाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. आणि त्या रविवारी दामूकाका कंपनीतून थिनरचा डबा घेऊन आला.

"तुमी लोक कुटं पानी न् रिठे घेऊन बसले," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत ड्रमाच्या तळाला दगडासारका रंग बसतो. ह्ये वतलं का धा मिन्टात सुटतो. दगड सुटतो, तर काजळीची काय कता?" दामूकाका हौशी माणूस. त्याला काही सुधारता आलं की त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. आजा गेल्यापासून तो घरातलं काही ना काही दुरुस्त करतच होता, कौलं, गोठ्याचं दार, विहिरीचा रहाट. दुःखाला हातांनी कामाला लावणारी माणसं असतात, त्यातला. मी क्षारांचं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. "बाय, तुजं पुस्तकातलं खरं," तो म्हणाला, "पन ह्ये आमी हातानं करतो." सभा बरखास्त झाली.

ऊन छान पडलं होतं. पडवीत गोणपाट अंथरलं, बंदूक उभी धरली, आणि काकाने नळीत थिनर ओतलं. सगळं घर त्या वासाने भरलं. नाक झोंबायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. डबा धरायला मी होते. आता कानातून काळी धार येणार म्हणून आम्ही तिघं वाकून बघत होतो. धार आली नाही. काकाने वाट पाहिली, बंदूक हलवली, पुन्हा ओतलं. थेंबसुद्धा नाही. त्याने कानात दाभण घालून टोकरलं. काहीच नाही. नळी तोंडापर्यंत भरली आणि थिनर वरून सांडलं.

"पार जाम झालीय," काका म्हणाला. "वरसाची काजळी. शेकवू या जरा. गरम केली का सुटते." आणि तो उठला. दोन्ही हातांत बंदूक आडवी धरून, वरचं थिनर सांडून टाकून, घरात निघाला. चुलीकडे. अण्णा चिंध्या शोधायला आत गेले होते. मी डबा घेऊन मागोमाग गेले, कारण तमाशा मला चुकवायचा नव्हता. नळी शेकली तर थिनर उडून जाईल आणि काजळी तशीच राहील, असं काहीतरी शहाणपणाचं मी पाठीमागून बोलतही होते. माझं लक्ष काजळीवर होतं. आम्हा सगळ्यांचंच काजळीवर होतं.

चुलीपुढे आई तांदळाच्या भाकऱ्या करत होती. तव्यावर एक, परातीत एक. काकाला दारात बघून तिने हात वर केला. "भावजी, त्यो वास घेऊन चुलीपाशी येऊ नका."

"वैनी, वास नळीत हाय. तुमी जरा सरा, नुसती धगीवर धरतो."

"सरते. पन गज घातला काय?"

"गज कशाला? काजळी हाय आत."

"असूं दे. मामंजी आदी गज घालायचे. पद्धत हाय ती. घाला आदी, मंग करा काय करायचं ते."

का घालायचा, ते तिला ठाऊक नव्हतं. मी नंतर अनेकदा विचारलं, ती म्हणते, "मला काय म्हायती? ते घालायचे म्हनून." उंबऱ्यात उभं राहून काका हसला, आणि वहिनीचा शब्द मोडायचा नाही म्हणून परत पडवीत आला. गज उचलला, नळीत सोडला. गज गेला, गेला आणि थांबला. काकाने दाबला. तो हलेना. काकाने दोन्ही हातांनी वरून दाबायला सुरुवात केली, मोठ्याने श्वास सोडत, आणि तेवढ्यात चिंध्या घेऊन अण्णा बाहेर आले.

अण्णांनी गजाकडे पाहिलं. काळा दोरा नळीच्या तोंडात बुडालेला असायला हवा होता. तो बाहेर होता. चार बोटं वर. अण्णांच्या हातातल्या चिंध्या खाली पडल्या. त्यांचा आवाज मला आलाच नाही आधी, नुसते ओठ हलताना दिसले.

"दामू, हात काढ."

"काय झालं?"

"हात काढ आदी! भरलेली हाय ती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काकालाही तसंच वाटलं असावं, तो हसरा चेहरा घेऊनच अण्णांकडे बघत राहिला, आणि ते हसू त्याच्या तोंडावर कितीतरी वेळ विसरल्यासारखं राहून गेलं. अण्णांनी त्याचे हात गजावरून एकेक बोट सोडवून काढले. माझ्या हातात थिनरचा डबा होता. मागे चूल पेटलेली. तव्यावरची भाकरी करपत होती आणि तो करपट वास थिनरच्या वासात मिसळत होता.

आईने एक काम केलं, जे मी त्याआधी आणि त्यानंतर कोणत्याच बाईला करताना पाहिलेलं नाही. ती पाटावरून उठली, पाण्याचा हंडा उचलला आणि पेटत्या चुलीवर उपडा केला. चूल विझली तरी आमच्याकडे विझली म्हणत नाहीत, निवली म्हणतात, आणि ती चूल आईने पाण्याने विझवली. राखेचा एवढा लोट उठला की क्षणभर ती दिसेनाशी झाली. मग दिसली. राखेने माखलेली, हातात रिकामा हंडा. "आता बोला," ती म्हणाली.

बंदूक अंगणात नेली, डोंगराकडे तोंड करून ठेवली आणि अण्णांनी नळीत पाणी भरलं. साधं, विहिरीचं. ते ओतायचं, थांबायचं, पुन्हा भरायचं. दारू पूर्ण भिजल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं अण्णांना ठाऊक होतं. तोपर्यंत ते पायरीवर बसले आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावून बघायला लागले. किती तरी वेळ त्यांचा हात तिथेच होता. मला आधी कळेना. मग एसटीतली ती झोप आठवली. आई आत गेली होती. ती आपल्या पाटावर बसली, ओल्या राखेपुढे, आणि मान वळवून मागच्या खुंट्यांकडे बघितलं. मग पुन्हा समोर बघितलं. मग पुन्हा मागे. "वरीसभर?" ती एवढंच म्हणाली. "माज्या पाठीवं?"

दुपारी गजाच्या टोकाला मळसूत्री तार बांधून अण्णांनी आतला बोळा खेचला. काकाला जवळ येऊ दिलं नाही. तो तुळशीपाशी बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. बोळा आला. चिंधी आईच्या जुन्या लुगड्याची होती, तिचा काठ अजून ओळखू येत होता. अण्णांनी नळी वाकडी केली, हलवली, आणि ताटलीत छर्रे पडतील म्हणून आम्ही बघत होतो. पडलं ते भात. मूठभर भात, भिजून फुगलेलं, काळपट पडलेलं, थिनरचा वास येणारं.

आईने ताटलीतलं ते तळहातावर घेतलं. आज्याच्या दिवसांत ती रडली नव्हती. एवढ्या माणसांचं करायचं होतं, तिला वेळच मिळाला नव्हता. आता ती रडली, उभ्याने, हात पुढे धरून, कारण हात खाली केला असता तर भात सांडलं असतं. "मामंजींची मूठ," ती म्हणाली. "ह्यो शेवटचा बार. झालाच नाय."

"आसं कसं?" काका तुळशीपाशी बसूनच बोलला. "दादानं काडला ना? म्या खळ्यावं आलो तवा बार झालेला व्हता."

"मी?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं, बाबांनी काढला. मी रास झाकत होतो. मी ऐकला बार."

"म्याबी ऐकला," आई म्हणाली.

मीही ऐकला होता. शपथेवर सांगितलं असतं. कळशी भरून येताना, बांधाच्या वळणावर, डोंगरावर आपटून परत आलेला तो आवाज, उडालेले कावळे, सगळं. शेजारचे आले, त्यांनीही ऐकला होता. दरवर्षी होतो तो बार, त्या वर्षी झाला नसेल असं कोणाच्या मनातच आलं नाही, आणि ज्याच्या त्याच्या कानांनी आपापला बार काढून घेतला. "मंग आपन ऐकला त्यो कोनाचा?" आईने विचारलं. अजूनही विचारते.

नळी रिकामी झाल्यावर अण्णांनी कढत पाणी मागितलं. चूल पुन्हा पेटवायला आईचे हात होईनात, मीच पेटवली, ओल्या राखेत, रडत रडत. रिठ्याचा फेस ओतला. कानातून भिजलेल्या दारूचं गढूळ पाणी आलं, आणि लगेच पांढरी धार लागली. आम्ही चक्रावून बघत राहिलो. काजळी नव्हतीच. असणार कुठून? आदल्या बाराची काजळी आज्याने त्याच दिवशी धुतली होती, तेल लावलं होतं आणि मग मूठ भरली होती. नळी आतून लखलखीत होती. रॉकेल, डिझेल, थिनर, माझे क्षार, मामाचा तो उपाय, एवढे दिवस आम्ही जिच्यासाठी भांडलो ती काजळी अस्तित्वातच नव्हती. आत होती ती दारू. कशाने धुवायचं, यावर आमच्यातल्या प्रत्येकाला मत होतं. रिकामी आहे का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आज एवढ्या वर्षांनी मी दोघांमधलं भांडण ऐकते, घरातलं, कामावरचं, सोसायटीच्या कमिटीतलं, तेव्हा मला पडवीतली ती सभा दिसते. सगळे उपाय सांगत असतात, तावातावाने. आधी गज घाला रे कोणीतरी, असं मोठ्याने म्हणावंसं वाटतं. म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. मी पाणी पिते.

त्या वर्षी राखण सुटली तेव्हा अण्णांनी खळ्यावर दोन बार काढले. पहिला आज्याचा. आईने राशीतली मूठ स्वतः भरून दिली. दुसरा त्या वर्षाचा. दोन्हीच्या आधी अण्णांनी गज घालून दोरा बुडाला की नाही ते सगळ्यांना दाखवलं, काकाला तर जवळ बोलावून. काका हो म्हणाला, पुन्हा एकदा घालायला सांगितलं, आणि पुन्हा हो म्हणाला. मी सगळं लक्ष कानात आणून उभी होते. या वेळी खरंच ऐकायचं, असं ठरवून. आणि गंमत बघा, गंमत कसली, ते दोन खरे बार मला मुळीच आठवत नाहीत. धूर आठवतो, आईने मिटलेले डोळे आठवतात. आवाज नाही. जो झालाच नाही तो मात्र आजही स्पष्ट ऐकू येतो, बांधाच्या वळणावर, हातात कळशी असताना. मला त्याची भीती वाटते. माझे स्वतःचे कान मला असं फसवू शकतात, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

पुढे अण्णांची नजर कमी झाली, दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी परवाना सोडला आणि बंदूक जमा केली. काका मुरबाडला, सासुरवाडीजवळ, घर बांधून राहिला. रंगाचं काम त्याने त्याच दिवाळीत सोडलं होतं. घरात गॅस आला, चुलीच्या जागी ओटा झाला, पण आईला खाली बसून चिरायचीच सवय. रंगाऱ्याने जिन्यात डबा उघडल्यानंतरच्या रविवारी मी न राहवून गावी गेले. शेतात भात निसवलं होतं. आई भेंडी घेऊन पाटावर बसली होती. तिच्या शेजारी भिंतीशी मोकळी जागा होती, मी विळी ओढून तिथं बसले.

"तिथं नको बसू गो," ती म्हणाली. "जरा सरक."

मी वर बघितलं. खुंट्या होत्या तिथंच होत्या, एकीवर अण्णांची छत्री, दुसरीवर भाजीची रिकामी पिशवी. मग मी आईकडे बघितलं. तिचा पाट ओट्यापुढे जिथं असायला हवा तिथं नव्हता. हातभर बाजूला, खुंट्यांच्या रोखातून बाहेर होता, आणि पाटाच्या पायांनी शेणाच्या जमिनीत कधीच्या खोल खुणा केल्या होत्या.

मी सरकले. आम्ही भेंडी चिरायला घेतली.